जेकिल चांगला माणूस नव्हता

एखाद्याचं दुहेरी वागणं उघडकीला आलं की ‘हा तर जेकिल आणि हाइड निघाला’ असं आपण सहज म्हणून जातो. मूळ पुस्तक न वाचलेलेही म्हणतात. त्याचा अर्थही आता ठरून गेला आहे. जेकिल म्हणजे सज्जन डॉक्टर, हाइड म्हणजे त्याच्या आत दडलेला सैतान, आणि गोष्ट म्हणजे एकाच देहात राहणाऱ्या चांगल्या-वाईटाची झुंज. माझं म्हणणं असं की हा अर्थ पुस्तकात नाहीच. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने जवळजवळ उलटं लिहून ठेवलंय. आणि ते एकदा ध्यानात आलं की व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या बऱ्याचशा इंग्रजी भयकथा वेगळ्याच दिसायला लागतात.

हे पुस्तक वाचताना आपली एक अडचण होते. त्यातलं रहस्य आपल्याला आधीच माहीत असतं. ९ जानेवारी १८८६ ला ते लंडनमध्ये बाजारात आलं तेव्हा एक शिलिंग मोजून घेणाऱ्या वाचकाला जेकिल आणि हाइड एकच आहेत याची कल्पनाही नव्हती. पहिल्या सहा महिन्यांत सुमारे ४० हजार प्रती खपल्या. त्या वाचकांसमोर प्रश्न निराळाच होता. डॉक्टर जेकिलसारखा नावाजलेला, पैसेवाला, पन्नाशीचा माणूस हाइड नावाच्या एका ओंगळ तरुणाला आपल्या घरात मोकळी ये-जा का करू देतो? मृत्युपत्रात सगळी मालमत्ता त्याच्या नावावर का करतो? जेकिलचा वकील मित्र अटरसन याच काळजीने पछाडलेला असतो. पुस्तकात दहा प्रकरणं आहेत आणि गाठ सुटते ती नवव्यात. तोवर सगळी गोष्ट चालते ती अब्रूच्या भोवती. मित्राच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून सभ्य माणसं काय काय पाहतात, काय काय दडवतात आणि एकमेकांना काय विचारायचं टाळतात, त्याची.

अशा भयकथांच्या प्रकाराला गॉथिक म्हणतात. तो काय, ते थोडक्यात सांगतो. या प्रकारची सुरुवात १७६४ पासून धरतात. त्या वर्षी होरेस वॉलपोलची एका पछाडलेल्या किल्ल्याची कादंबरी आली. पुढची चाळीस-पन्नास वर्षं अशा गोष्टींत पडके किल्ले, भुयारं, कपटी सरदार आणि दुष्ट धर्मगुरू यांची रेलचेल होती, आणि ते सगळं बहुतेक इटली-स्पेनकडे घडायचं. वाईट माणूस परदेशात, जुन्या काळात, परक्या धर्मपंथात. वाचणारा इंग्रज आपल्या घरी शेकोटीपाशी सुरक्षित. व्हिक्टोरियाच्या राजवटीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, हे भय हळूहळू घराकडे सरकलं. शतकाच्या अखेरीला तर ते लंडनच्या गॅसच्या दिव्यांखाली, वकील-डॉक्टरांच्या दिवाणखान्यात येऊन बसलं. किल्ल्याच्या जागी राहतं घर आलं आणि कपटी सरदाराच्या जागी क्लबातला ओळखीचा मित्र.

स्टीव्हन्सनला हे सुचायला त्याचं गावही कारण झालं. तो १८५० साली एडिनबराला जन्मला. घराणं दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनीअरांचं, घरचा धर्म कडक प्रॉटेस्टंट. लहानपणी सतत आजारी असायचा, आणि त्याला सांभाळणारी दाई त्याच्या उशाशी बसून पाप, नरक आणि धर्मासाठी मेलेल्यांच्या कथा सांगायची. त्याच्या खोलीत लाकडी नक्षीचं एक कपाट होतं. ते बनवणारा कारागीर होता विल्यम ब्रोडी, आणि ब्रोडीची कथा एडिनबरातल्या पोराटोरांनाही ठाऊक होती. दिवसा तो सुतारांच्या संघाचा प्रमुख, नगरपरिषदेचा सदस्य. श्रीमंतांच्या घरी कपाटं, कुलपं बसवायला जायचा, तिथल्या किल्ल्यांचे मेणात ठसे घ्यायचा आणि रात्री त्याच घरांत चोरी करायचा. जुगाराचं व्यसन आणि दोन अंगवस्त्रांचे संसार भागवायला पैसा लागत होता. शेवटी अबकारी कार्यालयावरचा दरोडा फसला, तो अॅम्स्टरडॅमला पळाला, तिथून धरून आणला गेला आणि १ ऑक्टोबर १७८८ ला त्याला फाशी झाली. स्टीव्हन्सनने त्याच्यावर एका मित्राच्या जोडीने नाटकही लिहिलं, पण ते फारसं चाललं नाही. ब्रोडीचा गुंता त्याच्या डोक्यात मात्र राहिला. ब्रोडीला चोऱ्या करता आल्या त्या त्याच्या प्रतिष्ठेच्या बळावर. नगरपरिषदेतली खुर्ची हेच त्याचं चोरीचं हत्यार होतं.

पुढे १८८५ च्या शरदात, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बोर्नमथला राहत असताना, स्टीव्हन्सनला या गोष्टीतले काही प्रसंग स्वप्नात दिसले. तो झोपेत ओरडला म्हणून बायकोने, फॅनीने, हलवून जागं केलं, तर इतकं छान भुताचं स्वप्न मोडलंस म्हणून तो तिच्यावरच चिडला. पहिला मसुदा त्याने झपाट्याने लिहून काढला. ती नुसती भयकथा झालीय, त्यातला खोल अर्थ हातचा गेलाय, असं फॅनी म्हणाली. त्याने तो मसुदा जाळला आणि काही दिवसांत सगळं पुन्हा लिहिलं. त्याची प्रकृती तेव्हा इतकी खालावलेली होती की हे काम त्याने कसं निभावलं याचं आजही नवल वाटतं.

आता पुस्तकातल्या घराकडे बघू. गोष्ट सुरू होते ती एका दारापाशी. लंडनच्या एका टुमदार गल्लीत, रंगीबेरंगी दुकानांच्या ओळीत, मध्येच एक दुमजली, खालच्या मजल्याला खिडकी नसलेली इमारत पुढे आलेली आहे. दाराला ना घंटा ना कडी. रंगाचे पोपडे उडालेले. भिकारी तिथे आडोशाला बसतात आणि फळीवर काड्या ओढतात. शाळकरी पोरांनी चाकूने लाकूड कोरलंय. याच दाराने हाइड आत-बाहेर करतो. आणि कोपरा वळून पलीकडच्या चौकात गेलं की एक देखणं, खानदानी घर लागतं, आत फरसबंदी दालन, धगधगती शेकोटी, ओकची कपाटं. ते डॉक्टर जेकिलचं. ही दोन्ही एकाच वास्तूची दोन तोंडं आहेत, हे कळायला वाचकाला वेळ लागतो. अभ्यासक इथे जॉन हंटर या अठराव्या शतकातल्या प्रसिद्ध शल्यवैद्याच्या लेस्टर स्क्वेअरमधल्या घराकडे बोट दाखवतात. पुढच्या बाजूला त्याची प्रतिष्ठित पाहुणेमंडळी यायची, मागच्या गल्लीतून चिरफाडीसाठी प्रेतं. जेकिलनेही आपलं घर एका शल्यवैद्याच्या वारसांकडून घेतलेलं असतं आणि जुन्या चिरफाडीच्या खोलीतच त्याची प्रयोगशाळा असते.

मला हे दार महत्त्वाचं वाटतं, कारण ते जेकिलच्या ताब्यात आहे. किल्ली त्यानेच करून दिली आहे. हाइड भिंत फोडून आत शिरलेला नाही.

आता जेकिलची कबुली, म्हणजे शेवटचं प्रकरण. त्यात तो स्वतःबद्दल जे सांगतो ते सिनेमे पाहून बनलेल्या समजुतीत बसतच नाही. तो म्हणतो, तरुणपणी माझा सगळ्यात मोठा दोष काय, तर मौजमजेची ओढ. दुसऱ्या एखाद्याने तर अशा भानगडी चारचौघांत फुशारकीने सांगितल्या असत्या. पण मला मान ताठ ठेवून मिरवायचं होतं, लोकांसमोर अतिगंभीर दिसायचं होतं. म्हणून मी त्या लपवल्या, आणि लपवण्याचीच लाज इतकी वाढली की माझ्यात दोन भाग पडले. दोष साधे होते. दरी पडली ती प्रतिष्ठेच्या हव्यासाने.

मग तो औषध तयार करतो. कशासाठी? बरा माणूस व्हायला नव्हे. चांगलं आणि वाईट एकमेकांपासून सोडवून दोघांना वेगवेगळ्या घरी ठेवता आलं तर जगणं सुसह्य होईल, असा त्याचा हिशेब आहे. वाईटाने आपल्या वाटेने जावं, पलीकडच्या सोवळ्या भावंडाची टोचणी त्याला नको. चांगल्याने आपल्या वाटेने वर चढावं, पलीकडच्याच्या चिखलाचे शिंतोडे त्याच्यावर नकोत. दुधातून पाणी निराळं करणाऱ्या हंसाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. जेकिलला तसलाच हंस व्हायचं होतं, फक्त त्याला दूधही प्यायचं होतं आणि पाणीही.

आणि इथेच स्टीव्हन्सनने ती नेमकी गोष्ट लिहिली आहे जी नंतरच्या सगळ्यांनी गाळली. औषध घेतल्यावर हाइड निघतो, तो निखळ वाईट. पण उरलेला जेकिल निखळ चांगला होत नाही. तो होता तसाच राहतो, बऱ्यावाईटाचं जुनंच विसंगत मिश्रण. म्हणजे प्रयोग अर्धाच यशस्वी झाला. वाईट वेगळं काढता आलं, चांगलं नाही. औषधालाही तो दोष देत नाही. ते सैतानीही नव्हतं आणि दैवीही नव्हतं, म्हणतो. त्याने फक्त माझ्या स्वभावाच्या तुरुंगाची दारं हलवली आणि आत जो जागा होता तो बाहेर पडला. त्या वेळी माझा सद्गुण झोपलेला होता. उदात्त हेतूने प्याला ओठाला लावला असता तर त्याच औषधातून देवदूतही निघाला असता.

हाइड दिसतोही कसा? ठेंगणा, सडपातळ, तरुण. जेकिलचे कपडे त्याला ढगळ होतात. आपल्याला वाटतं सैतान आडदांड असेल. स्टीव्हन्सनचा हिशेब वेगळा आहे. जेकिलच्या आयुष्याचा नऊदशांश भाग नियमांत आणि संयमात गेला, त्यामुळे वाईट बाजूला व्यायामच मिळाला नव्हता, ती वाढलीच नव्हती. पुढे हाइड वापरात येतो तसतसा तो बाळसं धरतो. पहिल्यांदा आरशात ते कुरूप रूप पाहिल्यावर जेकिलला किळस येत नाही, उलट भेटल्याचा आनंद होतो. हाही मीच, असं तो म्हणतो.

या सगळ्याचं टोक म्हणजे रीजंट्स पार्कमधला प्रसंग. तोवर हाइडने एका वृद्ध, पांढऱ्या केसांच्या खासदाराला भर रस्त्यात काठीने ठेचून मारलेलं आहे. जेकिल हादरला आहे. त्याने औषध सोडलंय, दानधर्म चालवलाय, गरिबांची दुखणी निवारतोय. दोनेक महिने असे जातात. मग जुनी ओढ परत येते आणि हाइडचा आडोसा न घेताच, साध्या चोरट्या पाप्यासारखा, तो एकदा घसरतो. त्यानंतरचा एक दिवस. जानेवारीतलं स्वच्छ ऊन, दव वितळून ओली झालेली जमीन, बागेत पाखरांचा किलबिलाट. जेकिल बाकावर ऊन खात बसलाय. मनात म्हणतो, शेवटी मीही चारचौघांसारखाच. आणि मग त्याला हसू येतं. कारण तो आपली इतरांशी तुलना करतो. मी किती झटतो लोकांसाठी, आणि हे बाकीचे आपल्या आळशी बेपर्वाईत बसलेले. हा विचार मनात आला त्याच क्षणी पोटात ढवळतं, अंगाला कापरं भरतं. खाली बघतो तर कपडे लोंबतायत आणि गुडघ्यावर ठेवलेला हात शिरा तटतटलेला, केसाळ.

औषध घेतलेलं नाही. राग नाही, वासना नाही. हाइडला बोलावलं ते ‘मी इतरांपेक्षा चांगला’ या विचाराने. संपूर्ण पुस्तकातला हा सगळ्यात धारदार क्षण आहे असं मला वाटतं, आणि नाटक-सिनेमांना तो फार क्वचित पेलला.

स्टीव्हन्सनला हे अभिप्रेत होतं का, की मीच त्याच्या तोंडी घालतोय? त्याने १८८७ साली एका पत्रात स्वतःच खुलासा केला. रंगभूमीवर हाइडला लंपट दाखवतात यावर तो वैतागला होता. त्याचं म्हणणं, हाइड लंपट नाही. दोष जेकिलमध्ये होता, कारण तो ढोंगी होता. त्या ढोंग्याने हाइड नावाचं जनावर मोकळं सोडलं, आणि हाइड म्हणजे क्रौर्य, दुष्टावा, स्वार्थ आणि भ्याडपणा यांचा अर्क.

‘रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग’ असं तुकोबा म्हणतात, ‘अंतर्बाह्य जग आणि मन’. ते युद्ध रोजचं आहे, त्यातून सुट्टी नाही. जेकिलला नेमकी ती सुट्टी हवी होती.

ही लपवाछपवी तेव्हाच्या लोकांना इतकी जवळची का वाटली? त्याला त्या वर्षांचं लंडनही कारणीभूत आहे. जुलै १८८५ मध्ये डब्ल्यू. टी. स्टेड या संपादकाने लंडनमध्ये लहान मुलींची विक्री कशी चालते यावर लेखमाला छापली. गहजब झाला. ऑगस्टमध्ये संसदेने कायदा केला, मुलींचं संमतिवय १३ वरून १६ वर नेलं. त्याच कायद्यात ऐनवेळी एक कलम घुसवलं गेलं, पुरुषापुरुषांतले संबंध खाजगीत असले तरी गुन्हा ठरवणारं. खंडणीखोरांना ते कलम फार सोयीचं झालं. अटरसनचा नातलग एनफील्ड त्या पोपडे उडालेल्या दाराच्या घराला ‘खंडणीचं घर’ म्हणतो तेव्हा, म्हणजे अवघ्या काही महिन्यांनी, वाचकाला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. हाइड पहाटे तीन वाजता एका आठ-दहा वर्षांच्या मुलीला तुडवून पुढे जातो, लोक त्याला पकडतात, आणि तो भरपाई म्हणून दहा पौंडांची सोन्याची नाणी आणि उरलेल्या नव्वदांचा धनादेश आणून देतो. त्यावर सही एका प्रतिष्ठित माणसाची. धनादेश खोटा असणार अशी सगळ्यांची खात्री असते. सकाळी बँकेत जातात तर तो अस्सल निघतो.

विज्ञानानेही भर घातली होती. डार्विनचे ग्रंथ १८५९ आणि १८७१ चे, माणसाच्या पूर्वजांविषयीचा धक्का ताजा होता. १८७६ मध्ये इटलीतल्या लोम्ब्रोसो या वैद्याने जन्मजात गुन्हेगार चेहऱ्या-कवटीवरून ओळखता येतो असा सिद्धांत मांडला. तो चुकीचा होता, पण लोकांना आवडला. तो आवडण्याचं कारणही उघड आहे. वाईट माणूस वेगळा दिसत असेल तर आपण आरशात बघून निश्चिंत होऊ शकतो. स्टीव्हन्सन हाइडला माकडासारखं म्हणतो खरा, पण जो जो हाइडला पाहतो त्याला नेमकं काय विद्रूप आहे ते सांगता येत नाही. काहीतरी विपरीत आहे, एवढंच सगळे सांगतात.

चेहऱ्यावरून माणूस ओळखता येतो या भाबडेपणाची पुरती वासलात लावली ती ऑस्कर वाइल्डने. डोरियन ग्रेची कादंबरी जुलै १८९० च्या एका अमेरिकन मासिकाच्या अंकात आली आणि पुढच्या वर्षी, प्रकरणं वाढवून, पुस्तक म्हणून. देखणा डोरियन म्हणतो, मी असाच तरुण राहावं आणि म्हातारं व्हावं ते माझ्या चित्राने. तसं होतं. डोरियनचं वय आणि त्याची पापं दोन्ही चित्रावर उमटत जातात, चेहरा कोवळाच राहतो. त्याच्याबद्दल काही ऐकू आलं तरी लोक त्याच्याकडे बघतात आणि म्हणतात, हा चेहरा असं करणं शक्य नाही. चित्र तो घराच्या वरच्या मजल्यावर, लहानपणीच्या अभ्यासाच्या खोलीत, जांभळ्या-सोनेरी कापडाखाली कुलूपबंद ठेवतो. जेकिलचं मागचं दार ते डोरियनची माडीवरची खोली. घर बदललं, रचना तीच.

आणि वाइल्डनेही शेवटाकडे जवळजवळ रीजंट्स पार्कचाच प्रसंग लिहिलाय. डोरियनने तोवर एक खून केलेला आहे. आता त्याला सुधारायचंय. गावाकडची हेटी नावाची एक साधी मुलगी त्याच्यावर भाळलेली असते. पहाटे दोघं पळून जाणार असतात, पण तो तिला नासवत नाही, सोडून येतो. पहिलं सत्कृत्य! आता चित्रातला चेहरा थोडा तरी निवळला असेल या आशेने तो दिवा घेऊन वर जातो. चित्र निवळलेलं नाही. उलट डोळ्यांत धूर्तपणा आलाय आणि ओठांच्या कडेला ढोंग्याची वळलेली सुरकुती. हातावरचं रक्त आधीपेक्षा लाल दिसतंय. मग तो स्वतःला विचारतो, हे सत्कृत्य मी केलं ते नुसत्या मिरवण्यापोटी का? उत्तर त्याला माहीत असतं. त्यानंतर तो सुरा उचलतो, ते चित्र फाडायला.

मला ही ‘ढोंग्याची सुरकुती’ फार महत्त्वाची वाटते. खुनाने चित्रावर रक्त आलं होतं, पण हिशेबी चांगुलपणाने जे आलं ते वाइल्ड त्याहून शेवटचं, त्याहून घाणेरडं मानतो.

टीकाकारांनी पुस्तकावर झोड उठवली, त्या अंकाची विक्री एका मोठ्या पुस्तकविक्रेत्याने थांबवली. डोरियनची पापं कोणती ते वाइल्डने मुद्दामच सांगितलं नव्हतं. टीकेला उत्तर देताना त्याने लिहिलं की प्रत्येकाला डोरियनमध्ये स्वतःचंच पाप दिसतं, ज्याला ते सापडलं त्यानेच ते बरोबर आणलेलं असतं. पाच वर्षांनी, १८९५ मध्ये, न्यायालयात त्याच्याविरुद्ध याच कादंबरीतले उतारे वाचले गेले, आणि १८८५ च्या त्याच कलमाखाली त्याला दोन वर्षं सक्तमजुरी झाली. दुहेरी आयुष्य जगायला लावणारा समाज दुहेरी आयुष्याबद्दल कसा शिक्षा करतो, हे इतकं उघड क्वचितच दिसलं असेल.

आता ड्रॅक्युला. १८९७ साली आलेली ब्रॅम स्टोकरची ही कादंबरी वरवर पाहता माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते. इथे वाईट बाहेरून येतं, ट्रान्सिल्व्हेनियाहून जहाजात बसून, मातीच्या पेट्या घेऊन. चांगली माणसं एकजूट करून त्याला मारतात. सरळ मामला. मलाही हे पुस्तक बराच काळ या मुद्द्यावर तिघांत कच्चं वाटत आलं आहे. पण दोन जागा अशा आहेत की तिथे थांबावंच लागतं.

पहिली, आरशाची. तरुण वकील जोनाथन हार्कर ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात दाढी करतोय. खांद्यावर हात पडतो, मागून आवाज येतो. तो दचकतो, कारण आरशात मागची सगळी खोली दिसत असूनही माणूस दिसत नाही. त्या आरशात माणूस एकच आहे, हार्कर स्वतः. दुसरी जागा त्यानंतरची. ड्रॅक्युला हार्करचेच कपडे अंगावर चढवून रात्री गावात जातो, म्हणजे त्याने काहीही केलं तरी लोकांनी ते हार्करच्या नावावर मांडावं. आणि तसंच घडतं. मूल हरवलेली एक आई किल्ल्याच्या अंगणात येते, खिडकीत उभ्या हार्करला पाहून आक्रोश करते, राक्षसा, माझं लेकरू दे! तिच्या दृष्टीने राक्षस तोच आहे. परक्या सैतानाला इंग्रज वकिलाचा सूट नीट बसतो, हे स्टोकरने लिहून ठेवलंय.

त्यातल्या बायकांचं काय होतं तेही बघण्यासारखं आहे. जेकिलला आपल्या दुभंगलेपणाची सविस्तर कैफियत लिहायला मिळते. ड्रॅक्युलाने रक्त शोषलेल्या लूसीला ती मुभा नाही. ती रक्तपिपासू झाल्यावर तिचा वाग्दत्त नवराच तिच्या छातीत खुंटी ठोकतो, भोवती बाकीचे पुरुष प्रार्थना म्हणत उभे, आणि मग तिचा चेहरा पुन्हा पवित्र झाला म्हणून सगळ्यांना हायसं वाटतं. हे आधीपासून चालत आलंय. १८४७ मधल्या शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’ या कादंबरीत नायिका जेनच्या होणाऱ्या नवऱ्याची पहिली बायको, जमैकाहून आणलेली बर्था, वेडी म्हणून माळ्यावर कोंडलेली असते. घरमालकाच्या दोन आयुष्यांपैकी लपवायचं आयुष्य म्हणजे ती. तिला साऱ्या पुस्तकात एक वाक्यही स्वतःचं नाही. पुरुष दुभंगतो तेव्हा ती शोकांतिका होते, बाईला मात्र दुसरेच कुणीतरी दोन भागांत वाटून टाकतात, देवी किंवा हडळ. स्टोकरच्या मीनाने, म्हणजे हार्करच्या बायकोने, तेवढा एक अपवाद केला. तिच्या स्वतःच्या रक्तात विष उतरलेलं असताना ती पुरुषांना सांगते की ज्या जीवाने हा सगळा अनर्थ केला त्याचीच अवस्था सगळ्यात दुःखाची आहे, त्याच्याबद्दल दया ठेवा. त्या साऱ्या टोळीत स्वतःत आणि ड्रॅक्युलात भिंत न बांधणारी ती एकटी.

स्टोकरचं रोजचं काम होतं लंडनच्या लायसियम नाटकगृहाची व्यवस्था पाहण्याचं. ऑगस्ट १८८८ मध्ये तिथेच जेकिल-हाइडचं नाटक लागलं होतं. रिचर्ड मॅन्सफील्ड हा नट प्रेक्षकांदेखत जेकिलचा हाइड व्हायचा. त्याच महिन्यांत पूर्व लंडनमध्ये व्हाइटचॅपलचे खून सुरू झाले. मॅन्सफील्ड इतका हुबेहूब बदलायचा की खुनी तोच असावा असं पत्र कुणीतरी पोलिसांना लिहिलं. खुनी कुठेतरी सभ्य माणूसच असेल, ही शंका लोकांच्या मनात गोष्टींनीच पेरलेली होती.

पण याच नाटकाने मूळ गोष्ट बिघडवायलाही सुरुवात केली. पुस्तकातला जेकिल अविवाहित, मध्यमवयीन, थोडा लबाड दिसणारा. नाटकात त्याला वाग्दत्त वधू मिळाली. पुढे १९३१ च्या गाजलेल्या बोलपटात एका बाजूला कुलीन वधू, दुसऱ्या बाजूला दारूच्या गुत्त्यातली गाणारी, आणि जेकिल गरिबांचा कैवारी देखणा तरुण. दोन बायका, दोन पुरुष, चांगलं इकडे, वाईट तिकडे. जेकिलला जी वाटणी औषधानेही साधली नव्हती ती सिनेमाने करून दिली. आपण ‘जेकिल आणि हाइड’ म्हणतो तेव्हा या सिनेमांची भाषा बोलत असतो.

म्हणून मूळ पुस्तक वाचा. जेमतेम शंभर पानांचं आहे, स्वामित्वहक्क कधीच संपल्यामुळे नेटवर फुकट मिळतं. वाचताना त्या औषधातल्या क्षाराकडे लक्ष ठेवा. साठा संपतो, जेकिल लंडनभर नोकर पाठवतो, नवा क्षार आणवतो, पण काही केल्या गुण येत नाही. त्याला वाटतं नवा माल भेसळीचा. शेवटी कळतं की भेसळ पहिल्या मालात होती, आणि प्रयोग साधला तो त्या अनोळखी भेसळीमुळे.

आणि शेवटच्या प्रकरणात कोण बोलतंय त्याकडे. कबुली ‘मी’ने सुरू होते. हाइडबद्दल लिहिताना हळूहळू ‘तो’ येतो. एके ठिकाणी लिहिणाराच थबकतो: ‘तो’ म्हणतोय मी, ‘मी’ म्हणवत नाही. मग जेकिलबद्दलही ‘तो’ यायला लागतो. आणि शेवटच्या वाक्यात लिहिणारा म्हणतो की लेखणी खाली ठेवून ही कबुली बंद करताना मी त्या दुर्दैवी हेन्री जेकिलचं आयुष्य संपवतो. जेकिलही परका, हाइडही परका. मग हे वाक्य लिहिणारा हात कुणाचा, हे स्टीव्हन्सनने कुठेही सांगितलेलं नाही.